गळाच्या काठीवरील बिघडलेला इपॉक्सी थर : निदान आणि दुरुस्ती

हाताने बांधलेल्या गळाच्या काठीवर, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातल्या रॉडवर, तंगूस ज्यांतून धावते त्या धातूच्या कड्या दोऱ्याच्या घट्ट वेढ्यांनी बसवलेल्या असतात. या कड्यांना गाइड म्हणतात, आणि गाइडचा जो चपटा भाग काठीला टेकतो त्याला गाइडचा पाय असे म्हणता येईल. नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या बारीक दोऱ्याचे एकाला एक चिकटून घेतलेले वेढे हा पाय जागेवर आवळून धरतात आणि त्या वेढ्यांवर इपॉक्सीचा पारदर्शक थर चढवला जातो. पकड दोऱ्याच्या ताणाची असते, थराचे काम तो ताण कायम राखण्याचे, पाणी आत शिरू न देण्याचे आणि दगडावर घासून दोरा तुटू न देण्याचे असते. म्हणून हा थर केवळ शोभेचा मानणे चूक आहे, आणि दिसायला थोडा वाकडा झाला एवढ्याच कारणाने तो खरवडून टाकणे ही त्याहून मोठी चूक आहे.

इपॉक्सी प्रचारात येण्यापूर्वी रेशमी दोऱ्यावर व्हार्निशचे अनेक पातळ हात देण्याची रीत होती. हेन्री सलिव्हन थॉमस यांचा भारतातील गळाच्या मासेमारीवरचा ग्रंथ १८७३ मध्ये निघाला, त्या काळातील काठ्या अशाच व्हार्निशने राखल्या जात. इपॉक्सी चिकटद्रव्य ‘अराल्डाइट’ या नावाने स्वित्झर्लंडमधून बाजारात आले ते १९४६ मध्ये. व्हार्निशच्या सात-आठ हातांचे काम इपॉक्सीचे दोन हात करू लागले; मात्र व्हार्निशचा एखादा हात बिघडला तर पुढच्या हाताने तो सावरता येत असे, तर इपॉक्सीचा जाड हात बिघडला की बिघाडही तितकाच जाड असतो. मुंबईत पवई तलावाकाठी महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनसारखी संस्था असल्याने तिथल्या हौशी माणसाला जाणत्याचा सल्ला मिळू शकतो. लातूर जिल्ह्यातील रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी रॉड दुरुस्त करून देणारा कारागीर सहसा सापडत नाही, त्यामुळे रेणा मध्यम प्रकल्पाच्या काठावर कटला, रोहू किंवा मरळ यांच्यासाठी गळ टाकणाऱ्याला आपली काठी आपल्याच हाताने नीट करावी लागते. राज्यातील जलाशयांतील मासेमारीचे ठेके सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची परवानगी घेणे हे ओघानेच आले.

हवामानाचा वाटा

इपॉक्सी दोन द्रवांनी बनते. पहिला द्रव रेझिन आणि दुसरा हार्डनर, म्हणजे रेझिनला कठीण करणारा. रंग जसा त्यातील द्रावक उडून गेल्यावर वाळतो तसे येथे होत नाही. दोन्ही द्रवांचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडले जातात आणि सर्व मिळून एक जाळे तयार होते. ही जोडणी तापमानावर फार अवलंबून असते. ढोबळ नियम असा की दर १० अंश सेल्सिअस वाढीला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. रॉडसाठी बनवलेली बहुतेक इपॉक्सी २२ ते २७ अंशांच्या खोलीत वापरावी अशी अपेक्षा असते, आणि अशा खोलीत मिश्रण वीस ते तीस मिनिटे ब्रशला येण्याजोगे राहते. रेणापुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा हेच मिश्रण दहा मिनिटांच्या आत तार धरू लागते. कारागीर चौथ्या गाइडपर्यंत पोहोचेतो ते पसरण्याऐवजी ओढले जाते आणि थरावर ब्रशच्या रेघा तशाच गोठतात. उलट डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री मिश्रण मधासारखे घट्ट होते, त्यातले बुडबुडे वर येत नाहीत आणि जोडणी अर्धवट राहून थर दोन-दोन दिवस चिकट लागतो. जुलै ते सप्टेंबर या काळात तापमान अनुकूल असले तरी हवेतील ओलावा घात करतो. त्याचे कारण पुढे येईल.

म्हणून येथील माणसाने उत्पादकाच्या कागदावरची वेळ जशीच्या तशी न धरता ऋतू आणि प्रहर पाहून काम ठरवावे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल तर ज्या खोलीचे तापमान दिवसभर फारसे हलत नाही अशी खोली निवडावी. जुन्या माळवदाच्या घरातील जाड भिंतींची आतली खोली या कामाला पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीपेक्षा कितीतरी सरस ठरते. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. उन्हाळ्यात पहाटे थर दिला तर मिश्रण हाताळायला सोपे जाते, परंतु नंतर खोली जसजशी तापते तसतशी दोऱ्याच्या वेढ्यांत अडकलेली हवा फुगते आणि अर्धवट घट्ट झालेल्या थरात बुडबुडे उठतात. तापमान उतरत असताना, म्हणजे सायंकाळनंतर, थर दिला तर ही हवा आकसते आणि मिश्रण दोऱ्यात ओढून घेते. तापमान स्थिर राहणारी खोली असेल तर हा पेच मुळात पडतच नाही.

दोष वरचा की आतला

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न सोडवायचा असतो : थर कठीण झाला आहे आणि फक्त त्याचा पृष्ठभाग बिघडला आहे, की थरच मुळात कच्चा राहिला आहे? धूळ, बुडबुडे, खळगे, गाठी, उंचसखलपणा हे सारे वरचे दोष असून ते दोऱ्याला धक्का न लावता काढता येतात. थर कच्चा असेल, दोऱ्यात पोकळी राहिली असेल किंवा गाइडच्या पायापाशी तडा गेला असेल तर दोष आतला असतो आणि त्यावर कितीही सुंदर दुसरा हात चढवला तरी तो झाकला जातो, नाहीसा होत नाही. अनुभवी माणसेसुद्धा घाईने पॉलिश पेपर उचलतात आणि कच्चा थर घासू लागतात. असा थर घासला जात नाही, तो कागदावर लोळ्या होऊन चिकटतो आणि खालचा दोरा उघडा पडून त्याचे तंतू उभे राहतात. मग जे काम एका हाताने सुधारले असते ते पूर्ण गुंडाळी बदलण्यावर जाते.

निदानाचे साधन साधे आहे. थर देऊन ४८ तास झाल्यावर गुंडाळीच्या कडेला, जिथे नजर कमी जाते अशा जागी, नखाने दाब द्यावा. खूण उमटली नाही तर थर पक्का. खूण उमटून हळूहळू भरून आली तर थर लवचीक आहे किंवा अजून पक्का होतो आहे, त्याला वेळ द्यावा. खूण तशीच राहिली किंवा नखाला चिकटपणा लागला तर थर कच्चा आहे. याच्या जोडीला, मिश्रण ज्या वाटीत केले ती वाटी फेकून न देता थर पक्का होईपर्यंत जपून ठेवावी, कारण तिच्यात उरलेला थेंब हा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. वाटीतील इपॉक्सी कडक आणि काठीवरची चिकट असेल तर प्रमाण बरोबर होते, पण वाटीच्या कडेला लागलेले न मिसळलेले रेझिन ब्रशबरोबर काठीवर गेले, किंवा काठी त्या वेळी वाटीपेक्षा थंड जागी होती असा अर्थ होतो. वाटीतीलही मऊ असेल तर मापातच चूक झाली आहे.

कच्चा आणि चिकट राहिलेला थर

हा सर्वांत जास्त मनस्ताप देणारा दोष आहे आणि त्याच्यामागे बहुधा मापाची चूक असते. रॉडसाठीची बहुतेक इपॉक्सी आकारमानाने समप्रमाणात, म्हणजे जितके मिलिलिटर रेझिन तितकेच मिलिलिटर हार्डनर, अशी मिसळायची असते. रेझिन हार्डनरपेक्षा जड असल्याने सोनाराच्या काट्यावर समान वजन घेतले तर आकारमान समान राहत नाही आणि हार्डनर जास्त पडतो. याउलट, रेझिनच्या शोभेच्या वस्तू बनवण्यासाठी मिळणाऱ्या काही इपॉक्सी वजनाने दोनास एक किंवा तीनास एक अशा असतात. त्या आकारमानाने मोजल्या तर तीच चूक उलट्या बाजूने होते. बाटलीवर प्रमाण कशाचे दिले आहे हे वाचणे हाच येथे निम्मा उपाय आहे.

एक चुकीची समजूत फायबरच्या कामातून आलेली आहे. पाण्याच्या टाक्या किंवा कूलरचे सांगाडे दुरुस्त करणारे कारागीर जे पॉलिस्टर रेझिन वापरतात त्यात हार्डनरचे थेंब वाढवले की ते लवकर बसते, म्हणून इपॉक्सीतही थोडा जास्त हार्डनर टाकावा असे अनेकांना वाटते. पॉलिस्टरमधील तो द्रव क्रिया सुरू करून देणारा असतो. इपॉक्सीतील हार्डनर मात्र स्वतः त्या जाळ्याचा घटक असतो, आणि जितका जास्त टाकला तितके त्याचे रेणू जोडीदाराविना मोकळे राहतात. असा थर कधीच पक्का होत नाही.

माप अचूक येण्यासाठी मेडिकल दुकानातल्या दोन वेगळ्या सिरिंज वापराव्यात, एक कायम रेझिनची आणि दुसरी कायम हार्डनरची. एका वेळी प्रत्येकी तीन मिलिलिटरपेक्षा कमी घेऊ नये, कारण सिरिंज वाचण्यात ०.२ मिलिलिटरची चूक सहज होते. एक मिलिलिटर मोजताना ती २० टक्के ठरते, तीन मिलिलिटरला ती सात टक्क्यांच्या आत राहते. उरलेले मिश्रण वाया जाईल म्हणून हळहळणाऱ्याने काठीवरील दोऱ्याची आणि स्वतःच्या वेळेची किंमत आठवावी. सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकोनचे वंगण असते आणि ते मिश्रणात उतरले तर थरात खळगे पडतात, म्हणून शक्य तर रबर नसलेल्या, पूर्ण प्लास्टिकच्या सिरिंज घ्याव्यात.

थर चिकट निघाल्यावर पहिला उपाय उष्णता आणि प्रतीक्षा हाच. काठी ३० ते ३५ अंशांच्या खोलीत आणखी दोन-तीन दिवस ठेवावी. थंडीमुळे रेंगाळलेली जोडणी त्यात पुरी होते आणि हिवाळ्यात बिघडलेली बरीच कामे एवढ्यानेच सुटतात. तरीही वरवर चिकटपणा राहिला, पण नख आत रुतत नसेल, तर मेडिकलमधील आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन थर हलक्या हाताने पुसावा, तो उडून जाऊ द्यावा आणि अचूक मोजलेला, नीट घोटलेला दुसरा पातळ हात द्यावा. खालचा चिकट पापुद्रा त्याखाली बंदिस्त होतो आणि काठी वर्षानुवर्षे काम देते. नख आत रुतत असेल तर मात्र हा मार्ग नाही. मऊ गादीवर कठीण कवच बसवल्यासारखे होऊन काठी वाकताच ते तडकते. तेथे थर आणि दोरा दोन्ही काढणे हाच प्रामाणिक उपाय.

पृष्ठभागावरचे दोष

धूळ हा मराठवाड्यातला जवळपास अटळ दोष म्हणावा लागेल. उन्हाळ्याच्या वावटळीत तर बंद खोलीतही फुफाटा येतो. काम करण्यापूर्वी तासभर फरशी ओल्या कापडाने पुसावी, पंखा बंद ठेवावा, लोकरीचे किंवा तंतू सुटणारे कापड अंगावर नसावे. तरीही कण बसले तर थर पक्का झाल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा घासावी. वॉटर पेपर म्हणजे रंगकामवाले वापरतात तो काळा, पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर. पाण्यामुळे घासलेली भुकटी हवेत उडत नाही आणि कागद भरत नाही. चकाकी जाऊन सगळा भाग एकसारखा मंद दिसू लागला की थांबावे. दोऱ्याचा रंग कागदावर उतरू लागला तर मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. घासलेला थर पांढुरका दिसतो म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पुढच्या हाताने ते ओरखडे भरून निघतात आणि पारदर्शकता परत येते.

बुडबुड्यांची दोन कुळे आहेत. ढवळताना मिश्रणात शिरलेली हवा बारीक आणि सर्वत्र विखुरलेल्या बुडबुड्यांच्या रूपाने दिसते. गाइडच्या पायाच्या दोन्ही बाजूंना, दोरा काठीवर टेकत नाही तेथे, जी उभी पोकळी राहते तिच्यातील हवा एकाच जागी मोठे बुडबुडे सोडत राहते. पहिल्या प्रकारावर थर ओला असतानाच उपाय होतो : स्पिरिटच्या दिव्याची ज्योत गुंडाळीखालून क्षणभर फिरवावी, थर पातळ होऊन हवा निघून जाते. ज्योत एका जागी थांबली तर थर करपतो, पिवळा पडतो आणि खालच्या काठीलाही इजा होते. मेणबत्तीने काजळी बसते म्हणून ती वापरू नये. थर पक्का झाल्यावर सापडलेला बुडबुडा टोकदार सुईने फोडून त्याचे तोंड रुंद करावे, आतील भुकटी झटकावी आणि काडीच्या टोकाने त्यात मिश्रण सोडावे. तोंड अरुंद ठेवले तर मिश्रण आत जात नाही आणि हवा बाहेर येत नाही. गाइडच्या पायाशेजारील पोकळी असेल तर ती एका टोकाला फोडून मिश्रण दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेल असे काठी तिरपी धरून भरावे. ही पोकळी उपेक्षिली तर त्यात पाणी साचते, गाइडचा पाय गंजतो आणि एक दिवस गुंडाळी पायासकट सुटते.

खळगे, म्हणजे मिश्रण ज्या ठिकाणाहून मागे सरते आणि दोरा उघडा दिसतो असे गोल डाग, हे तेलकटपणामुळे पडतात. दोरा गुंडाळताना बोटांचे तेल, केसांचे तेल, गाइडवरचे वंगण किंवा वर सांगितलेले सिलिकोन ही त्याची कारणे. अशा जागेवर नुसता आणखी एक थेंब ठेवून भागत नाही, तोही सरकतो. संपूर्ण गुंडाळी ६०० नंबरने मंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा, दरवेळी कापडाची नवी घडी घेऊन पुसावी आणि मग पूर्ण लांबीवर पातळ हात द्यावा.

गाठी आणि फुगवटे हे हावरेपणाचे फळ आहे. एकाच हातात हवी तेवढी जाडी गाठण्याचा प्रयत्न केला, किंवा काठी फिरवणे मध्येच थांबले, तर मिश्रण खालच्या बाजूला ओघळून थिजते. थर देऊन दहा-बारा तास झाले असतील आणि तो रबरासारखा असेल तर नव्या ब्लेडने फुगवटा साल काढावी तसा सपाट कोनात कापून घेता येतो. पूर्ण कठीण झाल्यावर हेअर ड्रायरने थोडी ऊब देऊन तेच करावे, आणि शेवटी ४०० व नंतर ६०० नंबरने गोलाई आणावी. ब्लेडची धार नेहमी गुंडाळीच्या मध्याकडून कडेकडे आणि काठीपासून दूर असावी.

दुधाळ झालेल्या थराची कारणे वेगळी असतात. पावसाळ्यात हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांची हार्डनरमधील अमाइन या घटकाशी क्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट, पांढुरका पापुद्रा येतो. हा पापुद्रा पाण्यात विरघळतो, अल्कोहोलात किंवा थिनरमध्ये नीट विरघळत नाही. त्यामुळे थिनरने पुसणारा माणूस तो फक्त सगळीकडे पसरवतो आणि त्यावर दिलेला पुढचा हात सोलून निघतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि भांड्याची मऊ घासणी एवढेच त्याला पुरते. धुऊन झाल्यावर काठी पूर्ण सुकवावी आणि मगच वॉटर पेपर लावावा. धुऊनही पांढुरकेपणा गेला नाही तर तो थराच्या आत आहे : दोरा दमट होता, किंवा मिश्रण पातळ करण्यासाठी घातलेला द्रावक अडकला आहे. त्यावर वरून इलाज नाही. याखेरीज हिवाळ्यात बाटलीतील रेझिनच कधी कधी साखरेसारखे कणीदार आणि धूसर होते. ते खराब झालेले नसते, बाटली घट्ट बंद करून ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ठेवली आणि द्रव पूर्ण स्वच्छ झाला की वापरता येते. हार्डनरचा रंग जुनेपणाने पिवळसर झाला तरी त्याची ताकद सहसा जात नाही, फक्त पांढऱ्या दोऱ्यावर तो रंग दिसतो.

गुंडाळी काढावीच लागली तर

कार्बन तंतूंच्या काठीची भिंत फार पातळ असते आणि तिच्यावर आडवा पडलेला बारीकसा ओरखडा पुढे मोठा मासा लागल्यावर काठी तुटण्याची जागा ठरतो. काचतंतूंची काठी जास्त सहन करते, तरी नियम एकच ठेवावा : ब्लेड फक्त गाइडच्या धातूच्या पायावर चालवायचे, काठीवर नाही. पायाच्या पाठीवरून लांबीच्या दिशेने थर आणि दोरा कापला की दोऱ्याची टोके मोकळी होतात आणि हेअर ड्रायरच्या उबेने मऊ झालेला थर नखाने सोलता येतो. खोलीच्या तापमानाला पक्की झालेली इपॉक्सी साधारण ५० अंशांच्या आसपास काचेसारखा कडकपणा सोडून रबरासारखी होऊ लागते, तेव्हा हाताला सोसवेल त्यापेक्षा थोडी जास्त ऊब पुरेशी असते. रंग काढण्याची हीट गन मुळीच वापरू नये. तिची हवा कित्येक शे अंशांची असते आणि काठीतील तंतू ज्या रेझिनने बांधलेले असतात तेच त्याने जळते. हार्डवेअर दुकानातील पेंट रिमूव्हरही याच कारणाने वर्ज्य आहे. उरलेले ठिपके नखाने, नाही तर आइस्क्रीमच्या लाकडी काडीने काढावेत.

उबेने मऊ होण्याच्या याच गुणधर्मामुळे पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या काठीवर पिशवीच्या विणीचा ठसा उमटतो. थर बिघडला असे त्यावरून समजू नये. ठसा खोल नसेल तर हेअर ड्रायरची ऊब देताच तो बहुधा नाहीसा होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, लातूर परिसरातील जलाशय कोरडे पडले होते. अशा वर्षांत काठ्या महिनोन्महिने तशाच पडून राहतात. त्या उभ्या, सावलीत आणि पिशवीबाहेर ठेवाव्यात.

दुसरा हात

पहिला हात देऊन २४ तासांच्या आत दुसरा दिला तर दोन्ही थर रासायनिक रीतीने जोडले जातात आणि घासण्याची गरज सहसा पडत नाही, पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा आला नसेल तर. त्यानंतर मात्र थर मंद करून त्याला पकड आणून द्यावी लागते. मिश्रण दोन ते तीन मिनिटे हळू घोटावे, वाटीच्या कडा आणि तळ खरवडत राहावे, आणि मग ते वाटीत न ठेवता ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरून घ्यावे. वाटीत साचलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर बसते. पसरलेले थंड राहते आणि त्यातले बुडबुडेही आपोआप फुटतात. ब्रशने लावताना थर कमीच द्यावा आणि दोऱ्याच्या कडेपलीकडे काठीवर जेमतेम एक मिलिमीटर न्यावा, म्हणजे कड बंद होते. दहा मिनिटांनी खालच्या बाजूला जमलेला जादा थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्यावा. फुगवटा टाळणारी याहून चांगली युक्ती नाही.

त्यानंतर काठी आडवी फिरत राहिली पाहिजे. मिनिटाला पाच ते पंधरा फेरे देणारी कोणतीही मोटर चालते. गणपतीच्या आराशीत मूर्तीमागचे चक्र फिरवणारी लहान सिंक्रोनस मोटर जिल्ह्याच्या बाजारात मिळते आणि ती या कामाला योग्य आहे, मात्र ती थेट घरातील विजेवर चालते म्हणून तिचे सांधे उघडे ठेवू नयेत. वेगवान मोटरने मिश्रण बाहेर फेकले जाते. ग्रामीण भागात वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने पहिले चार तास माणसाने जवळ असावे, आणि वीज जाताच काठी हाताने दर पाच मिनिटांनी अर्धा फेरा फिरवत राहावे. मोटर नसलेल्यानेही याच रीतीने उत्तम काम करता येते, फक्त तेवढा वेळ देण्याची तयारी हवी.

अराल्डाइट किंवा पाच मिनिटांत बसणारी इतर चिकटद्रव्ये या थरासाठी वापरण्याचा मोह टाळावा. ती सांधण्यासाठी बनवलेली असतात. घट्ट असल्याने सपाट पसरत नाहीत, लवकर पिवळी पडतात आणि वाकणाऱ्या काठीवर तडकतात. तसेच गाइडच्या पायाच्या टोकाशी बारीक आडवा तडा दिसला तर तो बहुतेक वेळा जाड थराचा किंवा पायाचे टोक कानशीने निमुळते न केल्याचा परिणाम असतो, आणि पाय नीट घासून नवी गुंडाळी केल्याखेरीज तो परत परत येतो.

न जमलेली इपॉक्सी त्वचेला बाधते. एकदा तिची ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, म्हणून नायट्रिलचे हातमोजे घालावेत, हाताला लागलेले मिश्रण थिनरने न धुता पुसून साबण-पाण्याने काढावे, आणि कोरडे घासणे टाळता येत नसेल तर तोंडाला मास्क लावावा. अल्कोहोलची बाटली झाकून दूर ठेवल्याशिवाय दिवा पेटवू नये. उरलेले मिश्रण, ब्रश आणि घासलेला गाळ जलाशयाच्या काठी, ओढ्यात किंवा गटारीत टाकू नये. वाटीतच पूर्ण कडक होऊ देऊन मग कचऱ्यात द्यावे. रेणा नदी मांजरेला मिळते आणि या खोऱ्यातील माणसांना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

दुरुस्त केलेला थर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, तरी त्याची पूर्ण ताकद येण्यास सुमारे सात दिवस जातात, आणि तोवर ती काठी पाण्यावर नेऊ नये.